घाटमाथ्यावरचं पाणी, मुंबईची वीज : जलविद्युतेचा पहिला हिशेब कसा मांडावा

जलविद्युतेची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती मेगावॉट? सह्याद्रीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. इथे पाऊस चार महिने पडतो आणि वीज बारा महिने लागते. म्हणून आधी वर्षाला पाणी किती मिळेल ते बघायचं, मग ते किती उंचीवरून खाली येईल, मग ते दिवसाच्या कोणत्या वेळी सोडता येईल. मेगावॉटचा आकडा या तिन्हींतून आपोआप निघतो. उलट्या क्रमाने गेलं की कागदावर मोठा संच उभा राहतो आणि जानेवारीपासून गंजत पडतो.

मुंबईला हे नवीन नाही. खोपोलीचं केंद्र १९१५ साली सुरू झालं ते मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज देण्यासाठी. त्यामागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी आणि मुळशी या घाटमाथ्यावरच्या तलावांत पावसाचं पाणी अडवायचं आणि कोकणाच्या बाजूला शेकडो मीटर खाली सोडायचं, ही त्यामागची कल्पना. आज खोपोली ७२, भिवपुरी ७५ आणि भिरा ३०० मेगावॉटचं आहे. भिऱ्यातले १५० मेगावॉट उदंचन संचाचे, म्हणजे पाणी पुन्हा वर चढवू शकणाऱ्या संचाचे. मुंबईची उन्हाळी मागणी आता ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते, त्यात हा वाटा लहान दिसतो. पण त्याचं मोल आकड्यात नाही, वेळेत आहे. ते पुढे येईलच.

एखाद्या ओढ्याची, लहान धरणाच्या विमोचकाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, किंवा कालव्यातल्या प्रपाताची जागा तुमच्या नजरेत असेल, तर तिचा पहिला हिशेब सल्लागाराकडे न जाता मांडता येतो.

उंची

पाणी जिथून पाइपात शिरणार त्या जागेची पातळी आणि खाली टर्बाईनची पातळी, यांतला फरक म्हणजे हेड. पहिल्या अंदाजासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा चालतो, पण त्यावरच्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. ३०० मीटरच्या कड्यावर एवढी चूक खपून जाते, १५ मीटरच्या जागेवर अख्खा हिशेब कोसळतो. मोबाइलमधल्या जीपीएसच्या उंचीवर तर अजिबात विसंबू नका.

पातळी मोजायचं यंत्र, म्हणजे डंपी किंवा ऑटो लेव्हल, भाड्याने मिळतं. तेही नसेल तर साधी युक्ती अशी : वरून खालपर्यंत होजपाइप टाका, तो पाण्याने पूर्ण भरा, आतली हवा काढा आणि खालच्या टोकाला प्रेशर गेज लावा. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब म्हणजे १० मीटर हेड. पाणी वाहतं असताना वाचन घेऊ नका, पाइपातल्या घर्षणामुळे आकडा कमी येतो. आणि पाइपात हवेचा फुगा राहिला तर तोच आकडा तुम्हाला फसवतो. म्हणून दोन-तीन वेळा पाइप भरून बघा, वाचन तेच आलं पाहिजे.

पाणी मोजणं : चूक बहुधा इथेच होते

जुलैत ओढा बघून कोणालाही वाटतं की इथे वीज होणारच. त्याच जागी फेब्रुवारीत जा. कोरडे दगड दिसले तर ती जागा वाईट ठरत नाही, पण साठवणीशिवाय तिथे फक्त पावसाळी वीज मिळेल, हे तेव्हाच लिहून ठेवा.

मोठ्या प्रवाहासाठी तरंगत्या वस्तूची पद्धत. ओढ्याचा सरळ, सारख्या रुंदीचा १० मीटरचा तुकडा निवडा. अर्धं बुडेल असं संत्रं किंवा अर्धवट भरलेली बाटली सोडा आणि वेळ मोजा. समजा ८ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १.२५ मीटर. पण तळाशी पाणी हळू वाहतं, म्हणून गुणक लावायचा : गुळगुळीत काँक्रीटच्या पाटात ०.८५, दगडगोट्यांच्या उथळ ओढ्यात ०.६ ते ०.७. रुंदी १.२ मीटर आणि सरासरी खोली ०.४ मीटर असेल तर क्षेत्र ०.४८ चौरस मीटर, आणि ०.६५ गुणकाने प्रवाह सेकंदाला ०.३९ घनमीटर. ही पद्धत ढोबळ आहे, वीस टक्के इकडेतिकडे होणारच.

लहान प्रवाहासाठी व्ही-नॉच लावा आणि नीट लावा. जाड पत्र्यात काटकोनाची खाच कापायची, तिच्या कडा धारदार ठेवायच्या, आणि पत्रा ओढ्यात आडवा, लंबात बसवून बाजूंनी चिकणमातीने बुजवायचा, म्हणजे थेंबभर पाणीही बाहेरून जाणार नाही. खाचेच्या टोकापासून पाण्याच्या पातळीची उंची मीटरमध्ये मोजा, तिचा अडीचावा घात करा आणि १.३८ ने गुणा. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतं. उंची २५ सेंटिमीटर असेल तर सुमारे ४३ लिटर. तीच २६ वाचलीत तर साडेसत्तेचाळीस. एका सेंटिमीटरच्या चुकीने प्रवाह दहा टक्के फुगतो. म्हणून उंची खाचेवर मोजायची नाही, तिथे पाणी वाकून खाली उतरतं. खाचेवरच्या पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतर मागे पट्टी रोवायची आणि तिचा शून्य खाचेच्या टोकाशी पातळीत आणायचा. खाचेतून पडणाऱ्या धारेखाली हवा खेळली पाहिजे, नाहीतर धार पत्र्याला चिकटते आणि वाचन खोटं येतं.

असं वर्षभर रोज मोजलं की ३६५ आकडे मिळतात. ते मोठ्यापासून लहानापर्यंत लावा. वरून ११० व्या क्रमांकाचा आकडा म्हणजे वर्षातले तीस टक्के दिवस तरी मिळणारा प्रवाह. बंधारा घालून वाहतं पाणी वापरायचं असेल तर टर्बाईनचा प्रवाह या आसपास धरा. पावसाळ्यातल्या सर्वांत मोठ्या पुराला पुरेल असा संच बांधायचा मोह फार होतो, आणि तोच प्रकल्प बुडवतो. या आकड्यांतून नदीसाठी सोडायचं पाणी आधी वजा करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली कमी प्रवाहाच्या हंगामातल्या सरासरीच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नदीत राहिलं पाहिजे असं सांगितलं आहे. आमच्या मते ही मर्यादा किमानच समजावी. बंधाऱ्याखालच्या वाड्यांच्या विहिरी याच पाण्यावर भरतात.

पाण्याचे युनिट करा

साठवण असेल तर प्रवाहापेक्षा वर्षाचं एकूण पाणी महत्त्वाचं. सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे : हेडला ३६७ ने भागा आणि कार्यक्षमतेने गुणा, एका घनमीटरमागे किती युनिट ते मिळतं. मोठ्या केंद्रात एकूण कार्यक्षमता ०.८५ धरावी, लहानात ०.७५ ते ०.८. पाचशे मीटर हेडला एका घनमीटरमागे १.१६ युनिट.

आता घाटमाथ्याचा हिशेब करून बघा. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला साधारण चार मीटर पाऊस पडतो. दहा चौरस किलोमीटर पाणलोट आणि त्यातलं सत्तर टक्के पाणी वाहून येतं असं धरलं, तर २८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळजवळ एक टीएमसी. पाचशे मीटर हेडवर याचे सव्वातीन कोटी युनिट होतात. हेच पाणी चोवीस तास सारखं सोडलं तर ३.७ मेगावॉटचा संच पुरतो. रोज फक्त संध्याकाळचे चार तास सोडायचं ठरवलं तर २२ मेगावॉट लागतात. युनिट तेवढेच. इमारतीच्या गच्चीवरची टाकी तीच, नळ किती मोठा बसवायचा एवढाच प्रश्न.

कोयनेचा आकडा हेच दाखवतो. क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट, आणि पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी सोडायला मिळणारं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. पोफळीच्या वीजकेंद्रात सुमारे ४७५ मीटर आणि पुढे कोळकेवाडीच्या खाली आणखी ११० मीटर मिळून वरच्या सूत्राने अडीचशे कोटी युनिटच्या पुढे निघतात. सगळे संच वर्षभर पूर्ण भाराने चालले असते तर १,७०० कोटींवर गेले असते. म्हणजे वापर पंधरा टक्क्यांच्या आसपास. हे अपयश नाही. एवढे संच बसवले आहेत ते मोक्याच्या तासांना पाणी ओतण्यासाठीच.

इथेच पाणी कोणाचं हा प्रश्न विचारा, नंतर नको. घाटमाथ्यावरचं पाणी स्वभावाने पूर्वेकडे, भीमा आणि कृष्णेच्या खोऱ्यात वाहतं. आपण ते पश्चिमेला उतरवलं की पूर्वेकडच्या शेतीचं तेवढं पाणी कमी होतं. मुळशीच्या धरणात गावं जाणार म्हणून सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तो जमिनीसाठी. आज त्याच पाण्यावर पुणे आणि सोलापूरकडचेही हक्क सांगितले जातात. तुमची जागा लहान असली तरी जलसंपदा विभागाकडून पाणी मंजूर झाल्याशिवाय पुढचा खर्च करू नका. २५ मेगावॉटपेक्षा लहान प्रकल्पाला केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही, पण पाइपाचा मार्ग वनजमिनीतून जात असेल तर वन मंजुरी लागतेच, आणि सह्याद्रीत तो बहुतेक वेळा तसाच जातो. अक्षय ऊर्जेच्या दर्जासाठी मात्र आता आकाराची अट नाही. मार्च २०१९ पासून मोठी जलविद्युतही त्यातच मोजली जाते.

पाइप, टर्बाईन आणि झडपेची घाई

उदाहरण धरू : हेड १२० मीटर, प्रवाह सेकंदाला अर्धा घनमीटर, पेनस्टॉक, म्हणजे टर्बाईनपर्यंत पाणी नेणारा पाइप, ४०० मीटर लांब. ०.८ कार्यक्षमतेने साधारण ४७० किलोवॉट. पाइप ४५० मिलिमीटरचा घेतला तर घर्षणात सुमारे ८ मीटर हेड जातं, ६०० चा घेतला तर जेमतेम २ मीटर. फरक पाच टक्के, आणि तो पुढची तीस-चाळीस वर्षं रोजचा. पोलाद वाचवायला पाइप बारीक करणं ही महागातली काटकसर.

या जागेला अनेक नोझलचं पेल्टन किंवा टर्गो टर्बाईन आम्ही सुचवू, म्हणजे तोटीतून (नोझलमधून) सुटलेली धार कपांच्या चाकावर मारणारं. फ्रान्सिस, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या कवचात फिरणारं टर्बाईन, पूर्ण भाराला उत्तम चालतं, पण भार चाळीस टक्क्यांच्या खाली गेला की कार्यक्षमता घसरते आणि खालच्या नळीत भोवरा फिरून यंत्र थरथरतं. सह्याद्रीतला ओढा ऑक्टोबरनंतर आठवड्याआठवड्याने उतरत जातो. पेल्टनमध्ये एकेक नोझल बंद करत जाता येतं. कालव्यातल्या दोन-चार मीटरच्या प्रपाताला हे काही लागू नाही, तिथे कॅपलान, म्हणजे जहाजाच्या पंख्यासारख्या चाकाचं टर्बाईन.

आता धोक्याचं. वाहतं पाणी अचानक अडवलं तर दाब उसळतो. पोलादी पाइपात ही लाट सेकंदाला सुमारे हजार मीटरने धावते. ६०० मिलिमीटरच्या आपल्या पाइपात वेग १.८ मीटर, म्हणजे झडप एकदम मिटली तर १८० मीटर हेडएवढा जादा दाब. १२० मीटरसाठी बनवलेल्या पाइपावर ३०० मीटरचा दाब आला की तो फाटतोच. हीच झडप दहा सेकंदांत मिटली तर वाढ १४-१५ मीटरच. पण ग्रिड तुटल्यावर दहा सेकंद थांबायला सवड नसते, भार गेलेलं पेल्टन काही सेकंदांत दीडपट-पावणेदोनपट वेग घेतं. म्हणून नोझलपुढे डिफ्लेक्टर असतो. तो एक पोलादी ओठ आहे. भार गेल्याबरोबर तो धारेत घुसून तिला चाकावरून बाजूला वळवतो, आणि मागची, नोझलचं तोंड बंद करणारी सुई आरामात मिटत राहते. पाणी थांबत नाही, फक्त चाकावर पडत नाही. डिफ्लेक्टरची कळ, तिचं स्प्रिंग आणि तेलाचा दाब दर महिन्याला बघा. वर्षभर न हललेली कळ ऐन वेळी अडकते, आणि ती अडकली तर पुढे दोनच गोष्टी उरतात : फुटलेला पाइप किंवा उधळलेलं चाक.

गाळ हा दुसरा शत्रू. पाचशे मीटर हेडला धार ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. त्यात बारीक वाळू असेल तर सुईच्या टोकावर आणि नोझलच्या कड्यावर आधी मंद खवल्यासारख्या खुणा येतात, मग खाचा. धार फाटते, चाकाच्या कपांवर वेडीवाकडी पडते आणि तेही झिजतात. पाइपाच्या तोंडाआधी गाळ बसण्याचा हौद घ्या आणि तो जूनच्या आत उपसा. पहिल्या पावसात जाळीवर पालापाचोळा आणि प्लास्टिक येऊन बसतं. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या पातळीत वीस-तीस सेंटिमीटर फरक दिसला की दाताळं घेऊन लगेच साफ करा, नाहीतर पाइपात हवा शिरते आणि टर्बाईन ठोके देऊ लागतं.

ग्रिडला जोडताना

४७० किलोवॉटला ११ केव्हीची वाहिनी पुरते. दोन मेगावॉटला ११ केव्हीवर सुमारे ११७ अँपिअर वाहतात, ३३ केव्हीवर ३९. त्याच तारेत तूट नऊपट कमी. उपकेंद्र लांब असेल तर हा निर्णय टर्बाईनच्या निवडीइतकाच महत्त्वाचा.

समकालिक जनित्र, म्हणजे स्वतःचं चुंबकीय क्षेत्र स्वतःच तयार करणारं, ग्रिडला जोडताना चार गोष्टी जुळाव्या लागतात : फेजचा क्रम, व्होल्टता, वारंवारता आणि फेजचा कोन. सिंक्रोस्कोप हे जनित्र आणि ग्रिड यांच्या फेजमधला फरक दाखवणारं घड्याळासारखं यंत्र; त्याचा काटा पुढच्या दिशेने अगदी हळू फिरत असताना, बाराच्या किंचित आधी ब्रेकर लावा. काटा जोरात फिरत असताना लावला तर धक्का शाफ्टला आणि कपलिंगच्या बोल्टना बसतो. दुरुस्तीनंतर फेजचा क्रम तपासल्याशिवाय ब्रेकरला हात लावू नका. इंडक्शन जनित्र स्वस्त आणि जोडायला सोपं, पण ते ग्रिडमधूनच चुंबकीय प्रवाह घेतं. ग्रिड मेलं की तेही मेलं.

पाणी कधी सोडायचं

ग्रिडचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांत मोजला जातो आणि प्रत्येक खंडात किती वीज देणार हे राज्य भार प्रेषण केंद्राला, म्हणजे आपल्याकडे ऐरोलीला, आदल्या दिवशी कळवावं लागतं. वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राहिली पाहिजे. संध्याकाळी सूर्य कलतो, सौर वीज तासा-दोन तासांत उतरते आणि घराघरांत दिवे-पंखे-एसी लागतात. कोळशाचा संच भार मिनिटाला एखाददोन टक्क्यांनीच वाढवू शकतो. थांबलेलं पेल्टन काही मिनिटांत पूर्ण भाराला येतं. घाटमाथ्यावरच्या प्रत्येक घनमीटरची खरी किंमत या तासांत आहे.

वर्षाचं नियोजन असं करा. जुलैच्या मध्यापासून तलाव भरत आला की दिवसभर निर्मिती करा, नाहीतर तेच पाणी सांडव्यावरून फुकट जाईल. सप्टेंबरअखेर तलाव भरलेला ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात मागणी पुन्हा चढते, पण तेव्हाच हात सैल सोडलात तर मार्च ते मे या महिन्यांत काही उरत नाही. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला तलावाची पातळी किती असावी याची रेषा आखून ठेवा आणि तिच्या खाली गेलात की फक्त संध्याकाळीच पाणी सोडा. मेअखेर थोडा साठा राखा, पाऊस वेळेवर येईलच असं धरू नका. दुरुस्तीसाठी संच बंद ठेवायचा तो मेमध्ये, जुलैत नाही.

उदंचन संच असेल तर दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा पाणी वर चढवा आणि संध्याकाळी उतरवा. शंभर युनिट घालून पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. राज्यात घाटघरचं २५० मेगावॉटचं केंद्र आणि भिऱ्याचा संच याच कामाचे.

अवजलाचं, म्हणजे टर्बाईनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं, वेळापत्रक खालच्या गावांना ठाऊक असलं पाहिजे. भिऱ्याचं अवजल कुंडलिकेत येतं आणि कोलाडचं राफ्टिंग त्यावर चालतं. अशा नदीत पातळी अचानक चढते. संच सुरू करण्याआधी भोंगा वाजवा, सोडण्याच्या वेळा मराठीत मोठ्या अक्षरांत नदीकाठी लावा आणि पहिली काही मिनिटं एकाच नोझलवर चालवा.

ग्रिड पूर्ण गेल्यावर

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे फिरवायलाच बाहेरून वीज लागते. जलविद्युत केंद्र ती देऊ शकतं, पण त्याची तयारी आधीपासून असेल तरच. हवं ते असं : समकालिक जनित्र, चांगल्या स्थितीतल्या बॅटऱ्या, सुई आणि झडप उघडायला साठवलेला तेलाचा दाब, आणि एक लहान डिझेल जनित्र. क्रम असा : संच रिकामा फिरवून स्वतःची साहाय्यक यंत्रणा आधी चालू करा. मग रिकामी वाहिनी भारित करताना व्होल्टता थोडी कमी ठेवा, कारण लांब वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला ती आपोआप चढते. भार छोट्या तुकड्यांनी घ्या आणि प्रत्येक तुकड्यानंतर वारंवारता ५० वर स्थिरावू द्या. घाईत मोठा फीडर घेतला की वारंवारता कोसळते, संच सुटतो आणि सगळं पहिल्यापासून. गव्हर्नर, म्हणजे टर्बाईनला किती पाणी द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा, यावेळी वेग सांभाळण्याच्या पद्धतीवर हवा, ठरावीक भार देण्याच्या पद्धतीवर नको. ही तालीम वर्षातून किमान एकदा खऱ्या वाहिनीवर करा. बॅटऱ्यांच्या भाराची चाचणी वेगळी घ्या, कारण नुसती व्होल्टता बघितली तर संपलेली बॅटरीही चांगलीच दिसते.